डावीकडचा स्पीकर

आमच्या वन्सं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्याबद्दलचं बाकी सगळं त्यातूनच निघतं. वन्सं म्हणजे माझी नणंद, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे मी या घरात आल्यापासून लोक मला विचारत आलेत आणि मी प्रत्येकाला एकच उत्तर देते: त्या पुढच्याच खोलीत बसल्यात, त्यांनाच विचारा. अजून एकाचीही छाती झालेली नाही.

एक्स्चेंजमध्ये त्या बोर्डवर बसत. बोर्ड म्हणजे कपाटाएवढी लाकडी चौकट, तिच्यात भोकंच भोकं, आणि समोर टोकाला प्लग लावलेल्या वायरी. त्यांना त्या कॉर्ड म्हणत. कुणाला परगावी बोलायचं असलं की एक टोक या भोकात खुपसायचं, दुसरं त्या भोकात, आणि बोलणं पोचतंय का ते मधे बसून ऐकायचं. काय बोलतायत ते नाही, पोचतंय का तेवढंच. डोक्यावर पट्टी आणि उजव्या कानावर रिसीव्हर. डावा कान उघडा, तो सुपरवायझरसाठी. ‘म्हणजे बिनकामाचा,’ असं वन्सं म्हणत.

लाईनवर खरखर आली की नव्या मुली प्लग आपटायच्या, फुंकर मारायच्या, रडकुंडीला यायच्या. वन्सं शांतपणे कॉर्ड बदलायच्या. खरखर कॉर्डबरोबर गेली तर कॉर्ड खराब, जागच्या जागी राहिली तर लाईन खराब. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ऐकायचं, मगच दुसरीला हात घालायचा. घरातही त्यांचं हेच. चहा बिघडला तर त्या आधी दूध बदलून बघणार, मग पत्ती बदलून बघणार, आणि मग माझ्याकडे बघणार.

टर्नटेबल त्यांनी नोकरीला लागल्या लागल्या घेतलं, बदली होऊन निघालेल्या एका इंजिनिअरकडून. जड लाकडी बूड, वर काळं रबर, आणि फिरायला लागलं की स्वतःचा म्हणून काही आवाज नाही. रविवारी सकाळी दोघं बहीणभाऊ शेजारी शेजारी खुर्च्या मांडून बसत. मी स्वयंपाकघरात. रेकॉर्डला हात लावायची मला बंदी. नवऱ्याला परवानगी होती, पण साबणानं हात धुऊन, पुसून, आणि रेकॉर्ड नुसत्या कडांनी धरून. माझ्या हाताला कायम काहीतरी लागलेलं असतं, असं वन्संचं मत. खोटं नव्हतं ते. शिवाय मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे मी काही ते मनाला लावून घेतलं नाही.

पुढे माझा नवरा गेला, आणि त्याच्या मागोमाग ॲम्प्लिफायर गेला, धूर सोडून. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: टर्नटेबल एकटं वाजत नाही. सुई रेकॉर्डवरून जे वेचते ते मुंगीच्या पावलाएवढं असतं. ते मोठं करायला ॲम्प्लिफायर लागतो आणि खोलीत आणायला स्पीकर. ॲम्प्लिफायर गेला, जुन्या स्पीकरचे पडदे उंदरांनी खाल्ले, आणि टर्नटेबलवर चादर पडली ती पडलीच. वन्संनी दुरुस्तीचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

यंदा घर रंगवायला काढलं तेव्हा सामान हलवताना चादर निघाली. वन्संनी धूळ पुसली, वायर लावली, बटण दाबलं. फिरायला लागलं. बराच वेळ त्या नुसत्या बघत उभ्या राहिल्या.

‘फिरतंय,’ त्या म्हणाल्या. ‘आता याला बोलतं केलं पाहिजे.’

माझा मुलगा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. त्यानं आधी तळहातावर मावेल असला एक बिनवायरचा स्पीकर आणून दिला. ‘हॅलोआत्या, यात जगातली सगळी गाणी आहेत.’ लहानपणापासून तो त्यांना हॅलोआत्या म्हणतो.

‘मला जगातली नकोत रे. माझी हवीत.’

मग तो आम्हा दोघींना गाडीत घालून एका मोठ्या दुकानात घेऊन गेला. वन्संनी काखेत त्यांची ती रेकॉर्ड घेतली होती. ती कुठली ते सांगायला हवं. एक बाई गातात आणि सोबत बासरी, बाकी कुणी नाही. स्टिरिओ नवीन आलं होतं तेव्हाची ती. दोन स्पीकरचं लोकांना इतकं अप्रूप, की बाईंना पार डावीकडे ठेवलंय आणि बासरीला पार उजवीकडे, दोघांचं भांडण झाल्यासारखं. ऐकणारा मधे.

दुकान म्हणजे थंडगार खोली, मऊ सोफे आणि माणसाएवढे स्पीकर. विक्रेत्यानं वॉट सांगायला सुरुवात केली. ‘मॅडम, हा सेट लावलात ना, भिंती हादरतील.’

‘भिंतींनी काय बिघडवलंय तुमचं?’ वन्सं म्हणाल्या. ‘मला खोलीत दोन माणसं हवीत. एक गाणारी, एक वाजवणारा. बाकी वॉट तुम्हाला राहू देत.’

त्यानं मोबाईलवरचं काहीतरी धडाम्‌धडाम् लावलं. वन्संनी हात वर केला आणि काखेतली रेकॉर्ड पुढे धरली. दुकानात एक टर्नटेबल होतं, शोभेचं. त्यावर ती चढली. बासरी सुरू झाली, मग बाई सुरू झाल्या. मला बरं वाटलं ऐकायला, म्हणजे मला जेवढं वाटतं तेवढं. वन्संच्या कपाळावर मात्र आठी.

‘डावीकडचा बंद आहे.’

‘नाही मॅडम, चालू आहे. हात लावून बघा, थरथर लागेल.’

‘हात लावून गाणं ऐकायची पद्धत नाही आमच्यात. बंद नसेल तर मेलाय. बासरी समोर बसलीय आणि बाई शेजारच्या खोलीत जाऊन, तोंडावर उशी घेऊन गातायत.’

त्यानं दुसरी जोडी लावली. मग तिसरी. मग ॲम्प्लिफायरही बदलला. प्रत्येक वेळी डावीकडचा मेलेला. शेवटी वन्सं उठल्या, रेकॉर्ड पाकिटात घातली आणि म्हणाल्या, ‘तुमच्याकडे उजवे स्पीकर फार चांगले येतात हो. डावे कुठून आणता?’

गाडीत मुलगाच म्हणाला, ‘आत्या, मला दोन्ही सारखे ऐकू येत होते.’

‘तुला लहानपणी हाक मारलेलीसुद्धा ऐकू यायची नाही.’

‘आत्या, मी खरंच सांगतोय. एकदा कान दाखवून घे ना.’

वन्संनी उजव्या कानाला बोट लावलं. ‘हा कान? अरे, सगळ्या गावाचं बोलणं या कानातून गेलंय. जन्माच्या बातम्या, मरणाच्या बातम्या, भांडणं. एक शब्द अडकला नाही.’

तो गप्प बसला. मीही बसले, आणि मी सहसा बसत नाही. कारण मला समजत होतं, पोरगं कशाला हात घालतंय ते. वन्संना संसार नव्हता. रूप नव्हतं, असं त्या स्वतःच म्हणतात. होता तो कान. आमच्या इमारतीत कुणाचा पंखा कुरकुरायला लागला, पाण्याचा पंप घुमायला लागला, की मेकॅनिकच्या आधी वन्संना बोलावतात. त्या डोळे मिटून उभ्या राहतात आणि सांगतात, खालचं बेअरिंग. आणि खालचंच असतं. तो कान गेला असं कुणी म्हणणं म्हणजे एखाद्या पहिलवानाला, आता जरा काठी घेऊन चाला, असं सांगण्यासारखं.

घर आलं तेव्हा वन्सं गाडीतून उतरल्या आणि खिडकीशी वाकून म्हणाल्या, ‘ऐक. आधी मशीन. एकेक वस्तू तपासून. मशीन निर्दोष निघालं तर डॉक्टरकडे मी स्वतः जाईन आणि तुला फोनही मीच करीन. पण दोष मशीनचा निघाला, तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही. आहे कबूल?’

‘कबूल.’

दोष मशीनचाच निघावा असं मला मनापासून वाटत होतं. तसा माझा वन्संवर एक राग होताच. गेल्या काही दिवसांपासून त्या माझं अर्धं बोलणं कानामागे टाकत. जेवायला बसलं की त्या भिंतीकडे, मी त्यांच्या डाव्या हाताला. मी दिवसभराचं सगळं सांगतेय, आणि बाई आपल्या शांतपणे जेवतायत. हूं नाही की चूं नाही. वय झालं की माणूस आढ्यतेखोर होतो, असं मी त्याचं उत्तर काढलं होतं. तरीसुद्धा दोष मशीनचा निघावा.

बाजाराच्या मागच्या गल्लीत एक रेडिओवाला आहे. रेडिओ आता कुणी आणत नाही, पण पाटीवर रेडिओच लिहिलंय म्हणून तो रेडिओवाला. मी त्याला घरीच बोलावलं. दुपारी तो दोन ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची एक जोडी घेऊन जिना चढला, धापा टाकत.

‘मावशी, हा नवीन, आणि हा माझ्याच वयाचा,’ तो म्हणाला. नवीन होता तो काळा, चपटा, दिवे लुकलुकणारा. पण टर्नटेबलचा बारीक आवाज सरळ घ्यायची सोयच त्यात नव्हती, त्यासाठी आणखी एक डबी मधे लावावी लागणार होती. जुन्याला पत्र्याचं तोंड, मोठाले खटके, आणि मागे टर्नटेबलसाठी वेगळी जागा. स्पीकर मध्यम, लाकडी, स्टुलावर मावतील असे. ‘एवढ्या खोलीला एवढेच पुरे. मोठे घेतलेत तर आवाज आत मावणार नाही, सगळा गोळा होतो,’ तो म्हणाला, आणि हे मला पहिल्यांदा शहाण्यासारखं वाटलं.

त्यानं जुना जोडला. वन्संनी लगेच हात वर केला. ‘घुमतंय.’

मला काही ऐकू आलं नाही. रेडिओवाल्यालाही नाही. त्यानं स्पीकरला कान लावला तेव्हा कुठे त्याला ऐकू आलं. ‘हो की! अर्थिंगची वायर राहिली.’ टर्नटेबलमधून एक बारीक वायर लोंबत होती, ती त्यानं ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला आवळली. वन्संनी मान हलवली. गेलं.

मी जिंकल्यासारखी खुर्चीत बसले. म्हटलं, हा कान खराब असेल तर मग आमचे काय, टाकूनच द्यायचे.

रेकॉर्ड लागली. वन्सं दोन स्पीकरच्या बरोबर मधे, हात मांडीवर. बासरी. मग बाई.

‘डावा मेलाय,’ वन्सं म्हणाल्या.

रेडिओवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

‘आता मी सांगते तसं करायचं,’ वन्सं म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम नोकरीतला झाला. ‘एका वेळी एक. आधी टर्नटेबलच्या वायरी मागे उलट लाव. डावीची उजवीला.’

त्यानं लावल्या. आता बाई उजवीकडून आल्या पाहिजेत आणि बासरी डावीकडून. तशा आल्या.

‘बाई आल्या. किती स्वच्छ आल्या,’ वन्सं म्हणाल्या. आणि मग, ‘बासरी गेली.’

म्हणजे रेकॉर्ड ठीक, सुई ठीक. रेडिओवाल्यानं वायरी होत्या तशा केल्या आणि स्पीकरांच्या जागा बदलल्या. डावीकडचाच मेलेला. स्पीकर ठीक. त्यानं स्पीकर परत जागेवर ठेवले आणि नवीन ॲम्प्लिफायर जोडला, ती डबी मधे लावून. डावीकडचाच. ॲम्प्लिफायरही ठीक. प्रत्येक वेळी वन्संनी तो निकाल स्वतः मोठ्यानं सांगितला, न डगमगता. मीच चुळबुळत होते.

‘पडदा!’ मी म्हटलं. डावीकडे खिडकी आहे, तिला जाड पडदा. ‘पडदा आवाज पितो. मी वाचलंय.’

‘पितो,’ वन्सं म्हणाल्या. ‘काढा पडदा.’

मी या वयात स्टुलावर चढून पडदा काढला. फरक पडला नाही. मग मी कोपऱ्यातली गादीची खुर्ची हलवली, पायपुसणं उचललं, टेबलावरचं कापड ओढून काढलं. घराचा पार उकिरडा केला. बाई अजून शेजारच्याच खोलीत.

आणि मग मी जे केलं ते मला शोभणारं नव्हतं. मी आयुष्यभर लोकांना तोंडावर बोलत आले. लग्नात नवरीला साडी शोभत नाही हेसुद्धा मी सांगितलंय. पण वन्संच्या पाठीमागे उभी राहून मी रेडिओवाल्याला डोळ्यांनी खूण केली. वायरीकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. त्याला कळलं. भला माणूस.

त्यानं डाव्या स्पीकरची वायर हातात घेतली, जरा पिळली. ‘अहो मावशी, ही काय! लूज आहे ना आतून. तुटत आलीय. मी म्हणतो ना, काय होतंय. बदलतो ही, झालं तुमचं काम.’

वन्सं म्हणाल्या, ‘मघाशी जागा बदलल्यास तेव्हा ही वायर कुठे होती?’

‘ही? ही... उजवीकडे.’

‘स्पीकरला वायर तशीच लटकलेली ठेवून तू स्पीकर उचलून नेलास. बरोबर? मग खरखर तिच्याबरोबर जायला हवी होती. उजवा मरायला हवा होता. मेला का?’

त्यानं वायर हळूच खाली ठेवली.

‘वहिनी,’ वन्सं वळूनही न बघता म्हणाल्या, ‘तुम्हाला खोटं बोलता येत नाही हे मला माहीत होतं. दुसऱ्याकडून वदवूनही घेता येत नाही, हे आज कळलं.’

मग त्या उठल्या. खुर्चीची पाठ धरली, खुर्ची जागच्या जागी उलटी फिरवली आणि स्पीकरांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसल्या.

‘लाव.’

रेडिओवाल्यानं सुई ठेवली. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. पांढरा अंबाडा दिसत होता, आणि त्यात खोचलेली काळी पिन. बासरी सुरू झाली, बाई सुरू झाल्या. स्पीकर तेच, जागा तीच, वायरी त्याच. बदलल्या होत्या त्या फक्त वन्सं.

त्यांनी एक अख्खं गाणं ऐकलं.

‘आता बाई माझ्या उजव्या हाताला आहेत. अगदी जवळ. श्वास घेतलेला कळतोय,’ त्या म्हणाल्या. ‘बासरी शेजारच्या खोलीत.’ मग म्हणाल्या, ‘लाईन बरोबर आहे. कॉर्ड बरोबर आहे. बोर्डवरच्या बाईचं बिघडलंय.’

मी चहा टाकायला आत गेले. दुसरं काय करणार? रेडिओवाला पाठोपाठ आला आणि ओट्याशी उभा राहून पुटपुटला, ‘मी यायलाच नको होतं.’ मी म्हटलं, ‘गप्प बसा आणि साखर किती ते सांगा.’

बाहेर आलो तेव्हा वन्संनी खुर्ची सरळ केली होती आणि हातात फोन होता. माझ्या मुलाला लावला होता. शब्द म्हणजे शब्द.

‘मशीन निर्दोष निघालं,’ त्या म्हणाल्या. ‘डावा कान. हो, डावा. उजवा ठीक आहे, अरे उजव्यावरच तर तुझं ऐकतेय. आयुष्यभर फोन उजव्यालाच लावला, मग कळणार कसं?’ मग त्यांनी फोन डाव्या कानाला लावला. हे त्यांनी पूर्वी कधी केलं असेल असं मला वाटत नाही; हातसुद्धा अवघडला. ऐकत राहिल्या. ‘आहेस तू तिथे,’ त्या म्हणाल्या. ‘पण मधे समुद्र आहे.’

फोन ठेवल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. ‘वहिनी, तुम्ही जेवताना माझ्या डावीकडे बसता.’

‘बसते.’

‘मला वाटत होतं तुमचं बोलणं कमी झालंय. वयानं. मी म्हटलं, बरं झालं, शेवटी शेवटी तरी घरात शांतता आली.’

‘आणि मला वाटत होतं, माझं एका कानानं ऐकता आणि दुसऱ्यानं सोडून देता!’

‘दुसरा होता कुठे सोडायला? जेवढं ऐकलं तेवढं सगळं आतच साठलंय.’

रेडिओवाल्याच्या नाकातून चहा आला. हसू आलं ते बरं झालं. नाहीतर त्या खोलीत, उघड्या खिडकीसमोर आणि उलट्यापालट्या सामानात, आम्ही तिघं काय करणार होतो कोण जाणे.

तो सामान आवरायला लागला तेव्हा वन्सं म्हणाल्या, ‘थांब. मी घेणार नाही असं कुणी सांगितलं?’ त्या जुन्या ॲम्प्लिफायरसमोर वाकल्या. पत्र्याच्या तोंडावर एक खटका होता. ‘हा मोनोचा ना?’

‘हो, पण तो कुणी वापरत नाही. दोन्हीकडचं एकत्र कालवून दोन्ही स्पीकरला सारखंच देतो. निम्मी मजा जाते, मावशी.’

‘माझी निम्मी आधीच गेलीय. उरलेल्या निम्म्यात सगळं बसवायचंय. नवीन मशीनला आहे का हा खटका?’

‘नवीनला नाही येत आता.’

‘मग हाच.’

अशी निवड झाली. वॉट नाही, दिवे नाहीत, कंपनी नाही, एक खटका. रेडिओवाल्यानं जुना पुन्हा जोडून रेकॉर्ड लावली. वन्संनी खटका खाली ओढला आणि तो स्वच्छ टक् असा वाजला. बाई आणि बासरी, दोघंही आता उजव्या स्पीकरमधूनही आली. वन्संनी डोळे मिटले. मला वाटलं आता त्या हसतील. हसल्या नाहीत.

‘पूर्वी या इकडे असायच्या आणि बासरी तिकडे. मधे आम्ही दोघं बसायचो,’ त्या म्हणाल्या. ‘आता दोघंही एकाच दारात उभी राहिलीयत. दाटीवाटीनं.’ जरा वेळानं म्हणाल्या, ‘पण आलीयत.’

मला गाण्यातलं कळत नाही, पण हे कळलं. जे गेलं ते कुठल्याही खटक्यानं परत येत नाही. वन्संनीही तसं सोंग केलं नाही, म्हणून मला त्यांचा आदर वाटतो. हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं नाही. सगळंच तोंडावर सांगायचं नसतं, असं अलीकडे मला वाटायला लागलंय.

एक स्पीकर उरला. ‘एकच द्या,’ मी म्हटलं. रेडिओवाला म्हणाला, ‘जोडी फोडत नाही मावशी, उरलेल्या एकाला कोण विचारणार?’ मी म्हटलं, त्यावर कुंडी ठेवू. वन्सं म्हणाल्या, ‘स्वयंपाकघरात लाव. मोनो आहे, कुठेही लावला तरी तेच वाजणार. इतकी वर्षं या बाईनं दाराआडून ऐकलंय.’

‘मी काही ऐकत नव्हते,’ मी म्हटलं. ‘माझ्या कानावर पडत होतं.’

‘आता नीट पडेल.’

रेडिओवाल्यानं भिंतीच्या कडेनं लांब वायर नेली आणि डब्यांच्या फळीवर तो दुसरा स्पीकर बसवला. माझी डाळीच्या डब्यांची जागा गेली.

डॉक्टरकडे वन्सं एकट्या गेल्या, मला बरोबर येऊ दिलं नाही. आतली नस दमलीय, असं निघालं. कानात घालायचं एक बारीक यंत्र मिळालं. हाही ॲम्प्लिफायरच, त्या म्हणाल्या, आणि एक्स्चेंजच्या पद्धतीनं त्याचीही परीक्षा घेतली: माझ्यासाठी एकदा, रस्त्यासाठी एकदा, रेकॉर्डसाठी एकदा. माझ्यासाठी पास झालं. रेकॉर्डसाठी नापास, त्यातून बाई परगावाहून फोन केल्यासारख्या गातात म्हणे. म्हणून रविवारी सकाळी त्या यंत्र काढून ठेवतात, खुर्ची उजव्या स्पीकरकडे जरा तिरकी करतात आणि बसतात. जेवायला मी आता त्यांच्या उजवीकडे बसते. त्यामुळे घरातली शांतता संपली, अशी त्यांची तक्रार आहे. इमारतीतले लोक पंपासाठी अजून बोलावतात. त्या जातात, पण आधी सांगतात, ‘एकच कान आहे, बाबा. पंपाला पुरेल.’

मागच्या रविवारी मी भाजी चिरत होते. फळीवरून बाई गात होत्या. आता मला त्या ओळखीच्या झाल्यात. कुठल्या ओळीला दमतात आणि कुठे बासरी त्यांना हात देते ते कळतं. गाणं संपलं आणि मग नुसतं ठप्प, ठप्प, ठप्प. बाजू संपली की सुई आतल्या कडेवर अशी घुटमळत राहते. मी वाट बघितली. वन्सं उठून ती उचलतात, क्षणभर उशीर म्हणून होत नाही. पण ठप्प ठप्प चालूच.

मी विळी ठेवली आणि धावत बाहेर गेले. मनात काय काय आलं ते लिहीत नाही. वन्सं खुर्चीत होत्या, मान उजवीकडे कलंडलेली, उजवा कान खांद्यात रुतलेला. घोरत होत्या. आयुष्यभर टोक ना टोक सांभाळलेल्या बाईची लाईन पहिल्यांदाच उघडी राहिली होती.

मी त्यांच्या उजव्या बाजूला गेले आणि खांद्याला हात लावला. ‘वन्सं, बाजू संपली.’

त्यांनी डोळे उघडले. आधी सुईकडे बघितलं, मग माझ्याकडे. उठायला गेल्या, मग पुन्हा मागे टेकल्या.

‘बदला तुम्हीच,’ त्या म्हणाल्या.

मी तशीच उभी. इतक्या वर्षांत हे कधी ऐकलं नव्हतं.

‘कडा धरून. मधे बोट लावायचं नाही. आणि वहिनी, हात धुतलेत ना?’

‘धुतलेत,’ मी म्हटलं.

मग स्वयंपाकघरात गेले आणि साबण लावून धुऊन आले.